हात किती

पोदकामेन,
ता. २३ फेब्रुवारी १९९२

चि. सौ. झुम्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

राख काढून झाली होती, पंपावरून दोन बादल्या पाणी आणून झालं होतं, आणि मी वाचनालयाच्या खिडक्या ओल्या वर्तमानपत्राने पुसत होते, तेव्हा गोइको दारात येऊन उभा राहिला. गुरुवारची गोष्ट. बुटांवरचा बर्फ झटकल्याशिवाय तो आत येत नाही. त्याची ही सवय तुझ्या भावाला, रासिमला, फार आवडायची. तुला तो आठवत असेल. जमीन मोजणीवाला, लांब मानेचा, रासिमकडून बुद्धिबळात हरायचा आणि हरल्यावर सगळे मोहरे पुसून डबीत ठेवायचा.

तो नकाशा बघायला आला होता. नकाशाचं तुला लिहायचं राहूनच गेलं. या वर्षी एप्रिलमध्ये सगळ्यांचे सण एका रांगेत आलेत. चारला, रोजे सुटल्यावर, तुमचा बैराम, सतराला संध्याकाळी मोरित्सआजोबांचा, म्हणजे ज्यूंचा, वल्हांडण, एकोणीसला कॅथलिकांचं ईस्टर आणि सव्वीसला आमचं ऑर्थोडॉक्सांचं. रासिमने सुरू केलेला मुलांचा शनिवारचा वर्ग मी चालू ठेवलाय. तो गेल्यावर वाचनालयाची किल्ली माझ्याकडे राहिली, कारण ती दुसऱ्या कोणाला नको होती. कागदोपत्री मी अजून तिथली झाडूवालीच आहे. वर्गात सव्वीस मुलं आहेत. पुस्तकातून धर्म कळत नाही, ज्याचा सण असेल त्याच्या घरी जाऊन खाल्लं की थोडा कळतो, असं रासिम म्हणायचा. मशिदीत बूट कुठे काढायचे, आमच्या चर्चमध्ये जिवंतांची मेणबत्ती वर आणि गेलेल्यांची खालच्या वाळूत का, क्रूस करताना कॅथलिकांचा हात आधी कोणत्या खांद्याला लागतो आणि आमचा कोणत्या, हे या मुलांना झोपेत विचारलं तरी सांगतील. बुद्ध आणि भारतातले देव तेवढे ज्ञानकोशातून दाखवावे लागले. ओग्न्येनने विचारलं की यांचा सण असला तर जायचं कोणाकडे, गावात तर यांचं एकही घर नाही. मग मी पातेलंभर दूधभात केला आणि सगळ्यांनी वाचनालयातच खाल्ला. शेमसाने निकाल दिला की हा धर्म चांगला आहे, पण साखर कमी आहे.

आपल्याकडे सणाला कोणी बोलवत नाही, आपणच जायचं असतं. पण न चुकता जायचं तर कोणत्या दिवशी कोणतं दार, हे माहीत हवं. म्हणून मुलांनी गावाचा नकाशा केला. रस्ते गोइकोनेच आखून दिले होते, घरं मुलांनी रंगवली. बैरामची घरं हिरवी, आमची ईस्टरच्या रंगवलेल्या अंड्यासारखी लाल, कॅथलिकांची निळी, मोरित्सआजोबांचं एकट्याचं पिवळं. आपल्या घराच्या मधून रेघ मारून अर्धं माझ्यासाठी लाल केलंय आणि अर्धं रासिमसाठी हिरवं. जोडीला वही आहे. त्यात घराचं नाव, किती वाजता जायचं, गोड काय मिळतं, आणि बैरामच्या घरांपुढे एक जादा रकाना : हात किती. मशिदीतून आलेले पुरुष दारात ओळीने उभे राहतात आणि मुलं एकेका हाताला ओठ टेकवत पुढे सरकतात, हे तुला काय सांगायचं. मागच्या वर्षी बेकरीवाल्यांचे धाकटे काका राहिले, ते अजून रुसलेत. या वर्षी कोणी राहू नये म्हणून मुलांनी घरोघरचे हात मोजून लिहिले.

गोइको म्हणाला की रस्त्यांची मापं थोडी चुकलीत, ती नीट करून देतो. वहीही दे, म्हणजे घरं ताडून बघता येतील. मी दोन्ही दिलं. कॉफीला थांब म्हटलं, थांबला नाही. जाताना रासिमच्या टोपीकडे बघत होता. ती अजून खुंटीलाच आहे.

तू पाठवलेले मोजे मला दोन बोटं मोठे झाले. माझे पाय तुला पहिल्यापासून मोठेच दिसत आले आहेत. तरी घालते. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी,
सावकावहिनी


मारिबोर,
ता. ३ मार्च १९९२

ती. सावकावहिनीस,
सा. न. वि. वि.

मोजे मोठे नाहीत, तुझे पाय म्हातारपणाने आक्रसलेत. तू उंबरा ओलांडून आत आलीस तेव्हा तुझे बूट बघून आई म्हणाली होती की सुनेबरोबर होडीही आली. मग भर बैरामला तू सासऱ्यांच्या हाताला ओठ टेकवलेस आणि तिचं तोंड बंद झालं. हे मी तुला दर वर्षी सांगते आणि दर वर्षी तू पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसतेस.

तुझं पत्र मी गिरणीत जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवलं. दूधभाताच्या धर्माला सगळ्या हसल्या. शेजारच्या मागावरची श्टेफिका हसली नाही. ती मागच्या शरद ऋतूत डॅन्यूबकाठच्या एका गावातून एका पिशवीनिशी आलीय. गाव आठवलं की ती नुसती बोटं मोडत बसते. तिने मला एवढंच विचारलं की तो नकाशा आत्ता कोणाकडे आहे. मी सांगितलं, भावाच्या मित्राकडे. तिने डबा बंद केला. म्हणाली, बाहेरून आलेल्या माणसाला कोणतं दार कोणाचं हे कळत नाही, ते सांगायला गावातलंच कोणीतरी लागतं, आणि ते नेहमी कॉफीला घरी येणारं असतं.

वहिनी, मी भित्री नाही हे तुला माहीत आहे. भावाच्या मयताला मी एकटी दोन दिवस गाड्या बदलत आले. पण त्या दिवसापासून माझ्या हातून धागा तुटतोय. नकाशा परत माग आणि शेगडीत घाल. मुलांना सांग, उंदरांनी खाल्ला. आणि तू इकडे ये. मागच्या खोलीत पलंग टाकलाय, उशीला धुतलेला अभ्रा घातलाय. माझा नवरा म्हणतो की वहिनी आल्या तर या घरात टेलिफोनच्या यादीशिवाय दुसरं एखादं पुस्तक येईल.

आईच्या जागी तू आहेस. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी नणंद,
झुम्रा


पोदकामेन,
ता. १५ मार्च १९९२

चि. सौ. झुम्रास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा राग आला. तिसऱ्यांदा वाचायला बसले तेव्हा राग नव्हता, म्हणून वाचलंच नाही.

नकाशा परत आलाय. सातव्या दिवशी गोइकोने तो मेणकापडात गुंडाळून आणून दिला, वहीही दिली. रस्ते सरळ झालेत, नदीचं वळणही आता जिथे आहे तिथे आहे. काही घरांजवळ त्याने पेन्सिलीने बारीक आकडे घातलेत. मोजणीवाल्यांची काही खूण असेल म्हणून मी पुसले नाहीत. मी आभार मानले तर तो म्हणाला, आभार नको, सावका. त्यानंतर तो मला बघून रस्ता ओलांडतो. परवा गुडघाभर चिखलातून पलीकडे गेला, ज्याला बुटावर बर्फ चालत नाही तो.

तुला खोटं कशाला लिहू, वर्ग कमी होतोय. आधी ओग्न्येनच्या वडिलांनी सांगितलं की पोराला मावशीकडे पाठवायचंय. मग एका आठवड्यात लाल घरांतल्या आणखी दहा मुलांना मावश्या आठवल्या. ओग्न्येन ज्ञानकोशाचा खंड मुदतीआधीच परत द्यायला आला. बैरामचा बकलावा त्याच्यासाठी झाकून ठेवता येईल का, असं विचारत होता. वडील म्हणालेत की त्या दिवशी आपण गावात नसणार. मी हो म्हटलं. तो गेल्यावर मला वाटलं, सणाला पाहुणे येतात, तर हे सगळे गावाबाहेर का चालले? विचारायला कोणी नव्हतं. रासिम असता तर त्याने चष्मा पुसला असता, आणि त्यावरून मला कळलं असतं की काळजी करायची की नाही.

खाणीच्या वर डोंगरावर माणसं खणतायत. रेडिओचा खांब उभा करणार म्हणतात. महिना झाला, खांब काही दिसत नाही.

आणखी एक सांगते, ते कोणाला वाचून दाखवू नकोस. मोरित्सआजोबा आले होते. नकाशातल्या आपल्या घरावर बोट ठेवून त्यांनी विचारलं की त्यांचं घर रंगाशिवाय ठेवलं तर चालेल का. मी म्हटलं, मुलांना वाईट वाटेल. ते म्हणाले, मग राहू दे. पण पिवळाच रंग कसा सुचला, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की तुमच्या पितळी मेणबत्तीदानावरून सुचला. त्यांनी टोपी घातली आणि ते गेले. ते लहान होते तेव्हा, ज्यू ओळखू यावेत म्हणून, त्यांच्या कोटावर कोणीतरी पिवळं कापड शिवायला लावलं होतं. इतकी पुस्तकं पुसता पुसता वाचली, आणि हे मला ते वळणावरून दिसेनासे झाल्यावर आठवलं. त्या दिवशी मी जेवले नाही.

तरी मुलांनी रंगवलेला नकाशा मी माझ्या हाताने कसा जाळू? उरलेली पंधरा मुलं रोज त्यावर बोट ठेवून बैरामची वाट ठरवतायत. मोजे घालते. आता घट्ट होतात, कारण दोन जोड एकावर एक घालते. लोभ कमी करू नकोस.

तुझी,
सावकावहिनी


मारिबोर,
ता. २४ मार्च १९९२

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

या पत्रात मस्करी नाही, म्हणजे तुला कळेल.

आकडे कसले आहेत? पुसू नकोस, पण नुसती बघतही बसू नकोस. तू रासिमपाशी तिशीत अक्षरं शिकलीस आणि आख्खं वाचनालय वाचून काढलंस. मग तेही वाच. कोणत्या घरांजवळ आहेत, कोणत्या घरांजवळ नाहीत, ते वहीशी ताडून बघ. श्टेफिकाला मी दुसरं काही विचारलं नाही, असं ताडून बघायचं हे तिने आपणहून सांगितलं. बसने निघालीस तर कोणत्या वाटेने यायचं ते मागे लिहिलंय.

उत्तर लिहू नकोस, ये. माया असू दे.

झुम्रा


पोदकामेन,
ता. ५ एप्रिल १९९२, रविवार

चि. सौ. झुम्रास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र घेऊन जी तुझ्या दारात उभी असेल ती फदिला, आमच्या शेमसाची आई. बरोबर शेमसा, तिचे वडील, काका आणि आजोबा असतील. आधी त्यांना आत घे, मग वाच. आजोबांना ऐकू कमी येतं, पण ते कबूल करत नाहीत.

तुझं पत्र मला शुक्रवारी दुपारी मिळालं, दहा दिवस वाटेत होतं. मी नकाशा भिंतीवरून काढून टेबलावर पसरला, वही शेजारी ठेवली आणि तू सांगितलंस तसं वाचायला बसले. लाल घरांजवळ एकही आकडा नाही, निळ्यांजवळ नाही. आकडे फक्त हिरव्या घरांजवळ आहेत. शेमसाच्या घराजवळ तीन. वहीत बघितलं, हात तीन : आजोबा, वडील, काका. बेकरीवाल्यांकडे चार, वहीत चार. एकोणीस घरं ताडून बघितली. मुलांनी मोजलेले हात गोइकोने नकाशावर उतरवले होते. हिरव्या घरात मोठे पुरुष किती, तेवढंच त्या कागदावर होतं. आपल्या घराच्या हिरव्या अर्ध्यात शून्य होतं. दोन वर्षांपूर्वी तिथे एक असता. झुम्रा, रासिम गेल्याचं बरं वाटलं असा तो पहिला क्षण, आणि देवाने मला तो दाखवायला नको होता.

मी गोइकोच्या घरी गेले. खिडक्यांची दारं ओढलेली, अंगणात कुत्र्याची साखळी नुसती पडलेली. त्या गल्लीत एकाही लाल घराच्या धुराड्यातून धूर येत नव्हता. चौकीवर गेले, तिथे कोणी नव्हतं.

परत येताना एकच विचार करत होते. गोइको मोहरे पुसून ठेवणारा माणूस. त्याची स्वतःची प्रत कुठेतरी पोचली असणार, मग माझ्या नकाशावर आकडे ठेवायचं कारण काय? तो रबर विसरला असेल, हे मला पटत नाही. मला कळावं म्हणून त्याने ते राहू दिले असावेत, एवढंच त्याला जमलं असावं. किंवा मी त्याला चांगलं ठरवायला बघतेय, कारण वही मी माझ्या हाताने दिली होती. दोन्ही लिहून ठेवते. तू काय ते ठरव, माझ्याने ठरत नाही.

तू वाट बघशील, म्हणून स्पष्ट लिहिते. मी येत नाही. सतराला संध्याकाळी मोरित्सआजोबांकडे जायचंय. आता त्यांच्या दारी येणाऱ्यांत मी एकटीच उरलेय, आणि त्यांना मी पिवळ्या रंगाचं काहीतरी देणं लागते. माझ्या पलंगावर शेमसाला झोपव. ती धुतलेल्या अभ्र्याची उशी तिच्या आजोबांना दे. बकलाव्याचा एक तुकडा झाकून ठेवलाय, ओग्न्येन परत आला तर म्हणून.

इतकी वर्षं माझ्यावर माया केलीस, आता ती या पाच जणांत वाटून दे. मला थोडी उरली तरी पुरेल.

तुझी,
सावकावहिनी

ता. क. – आकडे कळल्यावर मी काय केलं, असं तू विचारशील. दुसऱ्या दिवशी बैराम होता. मी राख काढली, दोन बादल्या पाणी आणलं, नकाशा शेगडीत घातला, वहीतली पानं सुटी केली. काळा कोट घालून, ताटात अक्रोडाच्या वड्या घेऊन निघाले. सणाला दारोदार फिरणाऱ्या म्हातारीकडे कोणी बघत नाही. एकोणीस दारं केली, प्रत्येक दारात त्या घराचं पान त्यांच्या हातात दिलं आणि काय वाचलं ते सांगितलं. चौदा घरांनी संध्याकाळपर्यंत बोचकी बांधायला घेतली. पाच घरांनी मला आत बसवलं, बकलावा वाढला, आणि गोइको आमच्या पोराच्या लग्नात नाचलाय असं सांगून मला हसले. त्या पाच घरांत मिळून अकरा हात होते. तिथून निघताना मी प्रत्येकासमोर वाकले आणि अकराही हातांना ओठ टेकवले.